तक्त्यातला दात आणि आजीचा दात

शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला दाताचा तक्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. शिखर, मान, मूळ. दंतवल्क, दंतिन, आतला गर. शेजारी माथ्यावर काळा खड्डा पडलेली दाढ आणि खाली गोड कमी खाण्याचा उपदेश. यात चुकीचे काही नाही. आक्षेप आहे तो हिरडीविषयी. ती नेहमी मानेला घट्ट चिकटलेली दाखवतात. असा दात शाळकरी मुलाचा असतो. नवीन जालन्यातील एखाद्या विद्यार्थ्याने तक्ता पाहून घरी आजी-आजोबांचे दात पाहिले, तर बहुधा आकृती जुळणार नाही.

वय वाढते तशी, आणि त्याहून अधिक हिरड्यांच्या विकाराने, हिरडी मागे सरकते. दात ‘लांब’ दिसू लागतो. वास्तविक झाकलेले मूळ उघडे पडलेले असते. मुळावर दंतवल्क नसतेच. तेथे सिमेंटमचा थर असतो, तोही मानेजवळ कागदाहून पातळ. तो झिजला की दंतिन उघडे. दंतवल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, दंतिनात सुमारे ७० टक्के. दंतवल्क विरघळायला तोंडातील सामू ५.५ च्या आसपास उतरावा लागतो; दंतिनाला ६.२ ते ६.७ इतकी सौम्य आम्लताही पुरते. म्हणून पेढा न खाणाऱ्या आजोबांच्या दाताच्या मुळाशी अडकलेला पोळीचा घासही निरुपद्रवी नसतो.

दंतिनातील उरलेला भाग बहुतांशी कोलॅजेन या प्रथिनाचा. कोंबडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवले की खनिज जाऊन ते वाकते, हा प्रयोग आपण हाडांच्या पाठात करतो. तो दातांच्या पाठातही करावा. मुळाची कीड अशीच मऊ, तपकिरी असते. खोल खड्ड्याऐवजी ती मानेभोवती पसरत जाते, पुष्कळदा दुखतही नाही, आणि एक दिवस शिखरच मोडून हातात येते.

‘कीड’ या शब्दानेही आपला घात केला आहे. अन्नातील शर्करेपासून जिवाणू आम्ल तयार करतात, हे डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये मांडले. अळी मात्र अजून आपल्या बोलण्यातून गेलेली नाही. लाळेचा उल्लेखही तक्त्यात नसतो. हे आम्ल सौम्य करण्याचे काम लाळेचे. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील अनेक औषधांनी ती कमी होते, आणि कोरड पडली म्हणून खडीसाखर चघळली तर दुहेरी नुकसान.

मिश्रीचे तर बोलायलाच नको. तंबाखूयुक्त दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. तव्यावर भाजलेल्या घरच्या मिश्रीपर्यंत ती कशी पोचणार? ती जेथे रोज घासली जाते तेथेच हिरडी मागे हटते, मूळ उघडे पडते, आणि दात सळसळतो म्हणून आजी पुन्हा मिश्रीच लावते.

‘म्हातारपणी दात जायचेच’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडीही ऐकू येते, ते मला सर्वांत खटकते. दंतपरिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ६५ ते ७४ हा वयोगट स्वतंत्र धरला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आवश्यक औषधांच्या यादीत घातली. लवकर लक्षात आलेली मुळाची कीड फ्लोराइडने थांबू शकते. मऊ झालेला पृष्ठभाग पुन्हा टणक होतो. मात्र त्यासाठी ती कोठे शोधायची हे घरात कोणाला तरी ठाऊक हवे, आणि तक्ता बोट दाखवतो दाढेच्या माथ्याकडे.