‘एन्टरिंग मेन्टरिंग’ : मधल्या पायरीवरील मार्गदर्शक

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम शिकवणारी व्यक्ती बहुधा प्राध्यापक नसते, पीएच.डी.चा संशोधक विद्यार्थी असतो. मार्गदर्शन कसे करावे हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जो हॅन्डल्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उणीव ओळखून चर्चासत्रांची एक मालिका आखली. तिची पुस्तिका ‘एन्टरिंग मेन्टरिंग’ या नावाने २००५ मध्ये प्रसिद्ध झाली.

आठ सत्रांच्या या आराखड्याचे सामर्थ्य त्याच्या पद्धतीत आहे. सहभागी संशोधक त्याच काळात एखाद्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन करीत असतो. त्यामुळे चर्चेचा विषय कल्पित राहत नाही. विद्यार्थ्याकडून आपल्या अपेक्षा कोणत्या, त्या त्याला सांगितल्या आहेत काय, तो प्रश्न विचारीत नाही याचा अर्थ त्याला समजले असा घ्यावा काय, अशा प्रश्नांची तयार उत्तरे येथे दिली जात नाहीत. समवयस्कांशी बोलून ती शोधायची आणि अखेरीस मार्गदर्शनाविषयीची स्वतःची भूमिका लिहून काढायची. हा लेखनाचा आग्रह विशेष मोलाचा वाटतो.

२००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या प्रशिक्षणाचे मूल्यमापन आले. प्रशिक्षित मार्गदर्शक विद्यार्थ्यांशी अपेक्षांविषयी अधिक बोलतात, सहकाऱ्यांचा सल्लाही अधिक घेतात, असे त्यात दिसले. हे निष्कर्ष मुख्यतः सहभागींच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेले आहेत, हे विसरता येत नाही.

खरी मर्यादा वेगळीच आहे. संशोधक विद्यार्थी मधल्या पायरीवर उभा असतो. विद्यार्थ्याला चुकू द्यावे हे तत्त्व मान्य. पण वाया जाणारी रसायने प्राध्यापकांच्या अनुदानातील असतात आणि वाया जाणारे आठवडे त्याच्या प्रबंधातून वजा होतात. शोधनिबंधावर कोणाचे नाव यावे, हेही तो एकटा ठरवू शकत नाही. पुस्तिकेचा भर व्यक्तीच्या वृत्तीवर आणि संवादावर आहे. अधिकाराच्या या उतरंडीचा विचार तिच्यात त्या मानाने तोकडा पडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चार वर्षांच्या पदवीत संशोधनाची वाट खुली झाल्याने हा प्रश्न आपल्याकडेही आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत संशोधकांच्या अध्यापन-प्रशिक्षणाची तरतूद आहे. परंतु वर्ग घेणे निराळे आणि एका विद्यार्थ्याला हाताशी धरून प्रयोग करू देणे निराळे. येथील विद्यार्थी पीएच.डी. करणाऱ्यालाही ‘सर’ म्हणतो आणि शंका मनातच ठेवतो. त्या मौनाचा अर्थ लावण्यासाठी मॅडिसनमधील उदाहरणे पुरेशी पडणार नाहीत. येथील प्रयोगशाळांतील प्रसंग नव्याने लिहावे लागतील.