द्राक्षमळ्यातील मजूर आणि चौथीचा वर्ग

सिन्नरच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत दोन वर्षांपूर्वी मी चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून नीतिशिक्षणाचा एक तास ऐकला. मी ख्रिस्ती नाही. मुलांसाठीच्या मराठी लेखनात मूल्ये कशी सांगितली जातात, हा माझ्या वाचनाचा जुना विषय. त्यापायी ही परवानगी मागून घेतली होती. वर्गात चाळीसेक मुले, त्यांत ख्रिस्ती घरांतली चार-पाच. बाकीची मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची, शेतकऱ्यांची, छोट्या दुकानदारांची. काही जणांच्या आज्या अजून विड्या वळणाऱ्या.

सिस्टरांनी त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातील, विसाव्या अध्यायातील, येशूची गोष्ट घेतली होती. एक मळेवाला पहाटे चौकात जातो आणि दिवसाचा एक दिनार ठरवून द्राक्षमळ्यासाठी मजूर आणतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. शेवटी पाचला जातो तेव्हाही काही माणसे उभीच असतात. का उभे आहात, असे विचारल्यावर ती म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो. दिवस मावळल्यावर शेवटी आलेल्यांपासून हिशेब सुरू होतो आणि सगळ्यांना सारखाच एक-एक दिनार मिळतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. मळेवाला म्हणतो, ठरले तेवढे मी तुम्हाला दिले; माझ्या पैशातून कोणाला किती द्यायचे ते मी ठरवीन.

नाशिक जिल्ह्यातील मुलांना द्राक्षबाग समजावून सांगावी लागत नाही, आणि मजुरांचा नाकाही. एका मुलीने लगेच विचारले, "मग दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येईल, सिस्टर? सगळे पाचलाच येतील." वर्ग हसला. मग एक मुलगा उभा राहिला. "पाचपर्यंत थांबलेली माणसं म्हातारी असतील. गाडीवाले आधी तरण्यांना नेतात. माझ्या आजोबांना कोणी नेत नाही."

वर्ग गप्प झाला. सिस्टर "छान" म्हणाल्या, त्यांनी घड्याळ पाहिले आणि फळ्यावर तात्पर्य लिहिले : देव दयाळू आहे. दुसऱ्याचा हेवा करू नये. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले आणि घंटा झाली.

हा लेख फळ्यावरच्या त्या दोन ओळी आणि त्या मुलाचे बोलणे यांच्यामधील अंतराविषयी आहे. सिस्टरांना दोष देण्याचा हेतू नाही. मीही तीस वर्षे शिक्षक होतो आणि असंख्य गोष्टींची तात्पर्ये मी मुलांकडून लिहून घेतली आहेत. शिवाय ते तात्पर्य चूक नव्हते. धर्मशास्त्राच्या अंगाने या दृष्टांताचा अर्थ देवाच्या कृपेशीच जोडला जातो. पण गोष्ट मजुरीची होती, आणि तात्पर्यात मजुरी उरली नव्हती.

कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण म्हणून जे ओळखले जाते, त्याचा आधुनिक आरंभ मजुरीच्या प्रश्नापासूनच होतो. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे पत्र प्रसिद्ध केले. युरोपातील कारखान्यांत माणसांचे जे हाल चालले होते, त्यांवर चर्चने अधिकृतपणे घेतलेली ती भूमिका होती. खाजगी मालमत्तेचा हक्क त्यात मान्य आहे, समाजवादाला विरोध आहे. पण कामगारांनी संघटना करणे त्यात रास्त मानले आहे, मुलांना कोवळ्या वयात कारखान्यात घालण्याला विरोध आहे आणि आठवड्याच्या विश्रांतीचा आग्रह आहे. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १० जून १८९० पासून, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. ती मिळवणारे नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते. रोम आणि मुंबई यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण यंत्रापुढे थकलेले शरीर दोन्हीकडे एकच होते.

त्या पत्रातील एक विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. मालक आणि मजूर यांनी आपखुशीने मजुरी ठरवली म्हणजे ती न्याय्य झाली, असे लिओ मानत नाहीत. साधेपणाने राहणाऱ्या माणसाचे पोट भरेल एवढी मजुरी हा कराराच्याही आधीचा नियम आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट वाट्याला येईल या भीतीने कोणी कमी मजुरी पत्करली, तर तो अन्यायाचा बळी आहे. हा विचार द्राक्षमळ्याच्या गोष्टीशेजारी ठेवला की गोष्ट बदलते. 'ठरले तेवढे दिले' हे मळेवाल्याचे उत्तर पुरेसे राहत नाही. आणि पाच वाजता आलेल्याला त्याने पूर्ण दिनार का दिला, हे मात्र अधिक स्पष्ट होते. दिनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी. त्याहून कमी नेले असते तर त्या माणसाच्या घरी त्या रात्री चूल अर्धीच पेटली असती.

पुढे या शिकवणीची तत्त्वे वाढत गेली : माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचे हित, परस्परांची बांधिलकी, खालच्या स्तरावर होऊ शकणारा निर्णय वरच्याने बळकावू नये हे तत्त्व, गरिबांना अग्रक्रम आणि, विशेषतः २०१५ च्या 'लाउदातो सी' पत्रानंतर, सृष्टीचे जतन. २००४ मध्ये हे सारे एका ग्रंथात संकलितही झाले. २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ हे नाव घेतले, तेव्हा त्यांनी १८९१ च्या त्या पत्राचाच दाखला दिला. म्हणजे मोठ्यांसाठीच्या लेखनात हा धागा तुटलेला नाही. तुटतो तो प्राथमिक शाळेच्या दारात.

त्याची कारणे शोधताना प्रथम शाळेची रचना पाहावी लागते. भारतात कॅथलिक शाळा अल्पसंख्याकांच्या शाळा म्हणून घटनेच्या कलम ३० च्या आधाराने चालतात. कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला, पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन तास असतात. ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण, इतरांना नीतिशिक्षण. ही विभागणी योग्यच आहे. पण सामाजिक शिकवण या दोन्ही तासांच्या मधल्या फटीत पडते. धर्मशिक्षणात प्रार्थना आणि संस्कारविधी यांनाच वेळ पुरत नाही. नीतिशिक्षणात कोणाचेच मन दुखू नये म्हणून सगळे इतके मवाळ केले जाते की शेवटी नम्रता, स्वच्छता आणि दया एवढेच उरते.

सरकारी मूल्यशिक्षणाची गतही वेगळी नाही. परिपाठात ऐकू येणाऱ्या दहा मूल्यांत श्रमप्रतिष्ठा आहे, वक्तशीरपणा आहे, नीटनेटकेपणा आहे, संवेदनशीलता आहे. श्रमाला मान द्यावा हे मुलांना सांगितले जाते. श्रमाला दाम किती असावा, हे कोणी सांगत नाही.

दुसरे कारण अधिक जुने आहे, आणि ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सापडते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्याच्या आरंभी त्याच्या जन्माची कथा येते, आणि ती एका वर्गातील कथा आहे. रविवारच्या प्रार्थनेनंतर साष्टीत मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की ही शिकवण चांगली. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरे पुराण का देत नाही? स्टीफन्स यांनी पुराण लिहिले ते या मागणीला उत्तर म्हणून.

हा प्रसंग आपण सहसा स्टीफन्स यांच्या मराठीप्रेमाची प्रस्तावना म्हणून वाचतो. मला तो शिक्षणावरील टीका म्हणून वाचावासा वाटतो. तो माणूस सांगतो आहे, की प्रश्नोत्तरे पाठ करून मन भरत नाही. माणसाला गोष्ट लागते. त्या मागणीमागे सत्तेने केलेली हिरावणूक आहे, हे विसरता येत नाही. पण सत्तेखाली दबलेल्या माणसानेच त्या वर्गातील उणीव नेमकी दाखवली, हेही खरे. स्टीफन्स यांनी 'दौत्रिना क्रिस्तां' हे प्रश्नोत्तरी पुस्तकही कोकणीत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. एकाच लेखकाच्या हातून ओवी आणि प्रश्नोत्तर असे दोन मार्ग निघाले. वाङ्मयाने ओवी जपली. शाळेने मात्र प्रश्नोत्तर उचलले, आणि गोष्ट सांगितली तरी तिच्या शेपटाला उत्तर बांधून ठेवले.

मात्र गोष्ट आली की न्याय आपोआप येतो, असेही नाही. मराठीत मूल्यशिक्षणाचे सर्वांत प्रभावी पुस्तक 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील मोळीवाल्या म्हातारीचा प्रसंग वाचून कोणाचे डोळे भरून आले नसतील? आई श्यामला त्या अस्पृश्य म्हातारीच्या मदतीला पाठवते. पण घरी आल्यावर आंघोळ ठरलेलीच असते. करुणा शिकवली जाते. जिच्यामुळे त्या करुणेची गरज पडली ती रचना जागची हलत नाही. साने गुरुजी स्वतः तिथे थांबले नाहीत. १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. पण आपल्या शाळांनी मोळी घेतली, उपोषण घेतले नाही. दया आपल्या भाषेत मुरलेली आहे, संतांपासून ती ओठांवर आहे. न्याय हा शब्द मात्र आपण कचेरीत ठेवून आलो आहोत.

द्राक्षमळ्याची गोष्ट मजुरीची म्हणून वाचणे ही काही माझी ओढाताण नव्हे. रस्किन यांनी १८६० मध्ये अर्थशास्त्रावर जे निबंध लिहिले, त्यांचे 'अन्टू धिस लास्ट' हे शीर्षक याच गोष्टीतून, पाच वाजता आलेल्या मजुराविषयीच्या शब्दांतून घेतलेले आहे. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले आणि १९०८ मध्ये त्याचा सारांश गुजरातीत 'सर्वोदय' या नावाने दिला. वकिलाच्या कामाचे मोल न्हाव्याच्या कामाइतकेच, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. म्हणजे आपल्याकडचा सर्वोदय हा शब्दच या द्राक्षमळ्यातून वाट काढत आला आहे. चौथीतल्या त्या मुलाने पुस्तक न वाचता तेच वाचन केले.

मराठी कॅथलिक परंपरेतही याला आधार आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण वसईत जमीन, पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या आंदोलनाचे नेतेही तेच होते. बायबल मराठीत सुबोध करणे आणि विहिरीच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरणे ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती. शाळेतील पाठात अशा माणसाचे पुरस्कार येतात, विहीर येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नऊ वर्षांच्या मुलाला मजुरी, करार, अन्याय यांचा भार कशाला? मलाही पूर्वी तसे वाटे. पण तो भार मूल घरून घेऊनच येते. माझी आई विड्या वळायची. सुपात पाला आणि तंबाखू घेऊन ती उजाडल्यापासून बसे, आणि कारखान्यात माल मोजताना रोज काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जात. त्यांचे पैसे मिळत नसत, पण त्या परतही मिळत नसत. आई एकदा बोलली तेव्हा तिला उत्तर मिळाले, पटत असेल तर पाला ने. तिने नेला. शाळेत त्या आठवड्यात आम्हाला समाधानी वृत्तीवर धडा होता, आणि पेपरात मला त्यावर दहापैकी नऊ गुण मिळाले. 'रेरुम नोव्हारुम' मी पन्नाशीत वाचले. गरजेपोटी मान्य केलेल्या कराराविषयीचा तो परिच्छेद आला, तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. आईने आयुष्यभर ज्याला नशीब म्हटले, त्याला दुसरे नाव होते. ते मला चौथीत कळले असते तर तिच्यावर भार वाढला नसता, कमी झाला असता.

दुसरा आक्षेप शाळेकडे परत जातो. सामाजिक मूल्ये शिकवणाऱ्या शाळेत वर्ग झाडणाऱ्या मावशींना आणि फाटकावरच्या काकांना काय मिळते, हे मुले पाहत असतात. हा प्रश्न कॅथलिक शाळेला जसा लागू आहे, तसा जिल्हा परिषदेच्या आणि आमच्या शिक्षण संस्थांच्या शाळांनाही. ज्या शाळेला हे उत्तर वर्गात सांगता येत नाही, तिला फळ्यावर दया लिहिणे सोयीचे पडते.

नवीन पुस्तके लिहा, असे मी म्हणणार नाही. गोष्टी आहेत, चांगल्या आहेत. तात्पर्य तेवढे दहा मिनिटे थांबवावे. पाचपर्यंत कोण उभे राहिले असेल, पहाटे आलेल्यांचा राग खरा होता का, मळेवाल्याने दुसऱ्या दिवशी काय करावे, एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि गप्प बसावे. धर्म कोणाचाही असो, यात कोणाचे मन दुखत नाही. देवाच्या दयेविषयी सांगायचे असेल तर ते नंतर सांगता येते, आणि मग ते अधिक खरेही वाटते, कारण तोवर दिनार म्हणजे काय हे मुलांना कळलेले असते.

त्या दिवशी तास संपल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "त्या मुलाला मी पुढे काय बोलायला हवं होतं, सर?" मी उत्तर दिले नाही; मला ते येत नव्हते. आता वाटते, त्याला एवढेच विचारायला हवे होते, की तुझे आजोबा नाक्यावरून परत किती वाजता येतात.