सुगम्य खेळांच्या निर्मितीसाठी पहिली संगणकीय भाषा : निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोणती संगणकीय भाषा शिकवावी, हा वाद आपल्या अभ्यासमंडळांना नवा नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या आराखड्यात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षासाठी पायथॉन भाषेचा स्वीकार केला. विज्ञान शाखेत मात्र सी भाषेपासून आरंभ करण्याची परंपरा दीर्घकाळ टिकली. या वादात रोजगाराच्या संधी, कार्यवेग आणि वैचारिक शिस्त हे मुद्दे हिरीरीने मांडले जातात. ज्या विद्यार्थ्याला संगणकाचा पडदा दिसत नाही, त्याने ती भाषा कशी वापरावी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न सुगम्य खेळांच्या निर्मितीच्या संदर्भात तपासला आहे.

खेळाडू की निर्माता?

दृष्टी, श्रवण वा हालचाल यांतील मर्यादा आड न येता खेळता येईल असा खेळ म्हणजे सुगम्य खेळ. येथे विवेचन दृष्टिहीनांपुरते मर्यादित ठेवले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या खेळात सुगम्यतेच्या साठाहून अधिक सुविधा होत्या आणि दृष्टिहीन खेळाडूंनी त्याचे स्वागत केले. असे खेळ मोठ्या संस्था घडवतात व दृष्टिहीन व्यक्ती ते खेळते. महाराष्ट्रातील उदाहरण याहून वेगळे आहे. ‘टॉक६४’ ही बुद्धिबळाची बोलती प्रणाली चारुदत्त जाधव यांच्या पुढाकारातून साकारली. जाधव हे स्वतः दृष्टिहीन बुद्धिबळपटू आहेत. येथे गरज ज्याची, कल्पनाही त्याचीच आहे.

पुण्यात कोरेगाव पार्क येथे मुलांची व कोथरूड येथे मुलींची अंधशाळा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. प्रवेशाचे दार कायद्याने उघडले. प्रयोगशाळेचे दार उघडायचे की नाही, हे बऱ्याच अंशी आपण निवडलेल्या साधनांवर ठरते.

प्रचलित पर्यायांची तपासणी

सी भाषा शिकवताना आपल्या अनेक महाविद्यालयांनी वर्षानुवर्षे टर्बो सी हे साधन वापरले. १९८० च्या दशकातील हे साधन आजच्या संगणकावर डॉसबॉक्ससारख्या आवरणात चालवावे लागते. त्या खिडकीतील अक्षरे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने अक्षरे नसून केवळ चित्र असते. परिणामी त्रुटीसंदेशसुद्धा ऐकू येत नाही. याच साधनातील चित्रसंचाचा वापर करून धावती मोटार किंवा उसळता चेंडू काढणे, हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प. तोही सर्वस्वी दृश्य. तथापि हा दोष सी भाषेच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. साध्या संपादकात लिहिलेली आणि आज्ञारेषेवरून संकलित केलेली सी आज्ञावली स्क्रीन रीडरने व्यवस्थित वाचता येते. शिवाय तिच्यातील महिरपी कंस कानाने ओळखणे सोपे असते. दोष भाषेचा नसून तिच्याभोवतीच्या साधनांचा आहे.

नवशिक्यांसाठी सुचवला जाणारा दुसरा पर्याय म्हणजे २००७ साली आलेली स्क्रॅच ही ठोकळ्यांची प्रणाली. टंकलेखनाच्या चुका टाळणे हा तिचा गुण खरा. पण माउसने ठोकळे ओढून जुळवणे हाच तिचा पाया आहे. डोळस मुलासाठी सर्वांत सोपी असलेली ही वाट दृष्टिहीन मुलासाठी सर्वांत अवघड ठरते.

तिसरा पर्याय खास या कामासाठी घडवलेल्या साधनांचा. ध्वनिखेळांसाठीचे ‘ब्लास्टबे गेम टूलकिट’ एके काळी दृष्टिहीन निर्मात्यांत लोकप्रिय होते. पुढे त्याचा विकास थांबला आणि त्यावर विसंबलेल्यांना दुसरी साधने शोधावी लागली. अँड्रियास स्टेफिक यांची क्वोरम ही भाषा अधिक आश्वासक आहे. तिची रचना प्रयोगांतून मिळालेल्या पुराव्यांवर आधारलेली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवशिक्यांना जावा व पर्ल या भाषा यादृच्छिक चिन्हांनी बनवलेल्या भाषेपेक्षा लक्षणीय अचूकतेने वापरता आल्या नाहीत. क्वोरम, पायथॉन व रूबी मात्र वापरता आल्या. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तरीही क्वोरमचे शब्द इंग्रजीच्या सहजज्ञानावर बेतलेले आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यालाही ते तितकेच सहज वाटतील, असे गृहीत धरता येत नाही.

पायथॉन : गुण आणि अटी

प्रस्तुत लेखकाचा कल पायथॉनकडे आहे. परंतु तो निरपवाद नाही. एनव्हीडीए हे विनामूल्य स्क्रीन रीडर २००६ पासून मायकेल करन व जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन विकसकांनी घडवले आणि त्याचा मोठा भाग पायथॉनमध्येच लिहिलेला आहे. जे साधन विद्यार्थ्याला पडदा वाचून दाखवते, त्याचीच आज्ञावली तो उद्या वाचू शकतो. एखाद्या पहिल्या भाषेच्या बाजूने याहून बोलका युक्तिवाद सापडणे कठीण.

दुसरे कारण मराठीचे आहे. ‘पुणे’ हा शब्द सी भाषेत प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने साठवला, तर त्याची लांबी १२ भरते. पायथॉन ३ मध्ये ती ४ येते. वाचकाला मात्र दोनच अक्षरे दिसतात. मराठी शब्दखेळ रचणाऱ्याला पायथॉनमध्येही अक्षरांचा विचार करावा लागतो, पण बाइटांच्या जंजाळातून सुटका होते. चलांना ‘गुण’ वा ‘पाळी’ अशी देवनागरी नावेही देता येतात.

आता अटी. पायथॉनमध्ये ओळीच्या आरंभीची मोकळी जागा अर्थपूर्ण असते आणि मोकळी जागा कानाला सहजी कळत नाही. एनव्हीडीएमध्ये ती शब्दांनी वा स्वरांनी कळवण्याची सोय आहे. ती सुरू करून देणे हे शिक्षकाचे काम. पायथॉनसोबत येणारा आयडल हा संपादक स्क्रीन रीडरला नीट वाचता येत नाही. म्हणून नोटपॅड किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कोड यांचा वापर करावा. पायगेमच्या खिडकीत रेखाटलेला मजकूरही चित्रच असतो. तेव्हा खेळाने स्वतः बोलले पाहिजे, तसेच डाव्या-उजव्या ध्वनीची तीव्रता बदलून दिशा सुचवली पाहिजे. या अटी पाळल्या नाहीत, तर पायथॉनही टर्बो सीइतकीच मुकी ठरते.

निष्कर्ष

भाषेची निवड व्याकरणावरून करण्याची आपली सवय अपुरी आहे. लिहिणे, चालवणे, चूक शोधणे आणि खेळून पाहणे या चारही पायऱ्या विद्यार्थ्याला स्वतः पार करता येतात काय, हाच पहिला निकष असावा. यांपैकी एक जरी पायरी दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहिली, तर तो विद्यार्थी निर्माता न राहता सांगकाम्या होतो. प्रात्यक्षिकात सूट देणे किंवा पर्यायी लेखी काम देणे ही वरकरणी सहानुभूती आहे. प्रत्यक्षात ती विषयातून केलेली हकालपट्टीच होय.

अभ्यासमंडळांनी नव्या भाषेची शिफारस करण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. पडदा बंद करावा, स्क्रीन रीडर सुरू करावा आणि संख्या ओळखण्याचा छोटासा खेळ स्वतः लिहून, चालवून, दुरुस्त करून पाहावा. ज्या साधनाने हे काम शिक्षकालाच जमत नाही, ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरतो काय, याचा विचार त्यानंतर करावा.