इंटरनेटचे पत्ते आणि विरारची लोकल

प्रोटोकॉल म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले नियम. इंटरनेटचे जुने प्रोटोकॉल आता मोडीत काढावेत, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावा?’ दोघेही वयावरून निवाडा करतात, आणि तिथेच चूक होते.

टीसीपी आणि आयपी आवृत्ती ४ यांचे मसुदे सप्टेंबर १९८१ मध्ये बरोबरच प्रसिद्ध झाले. टीसीपी सुधारणांसह आजही उत्तम काम देतो. आवृत्ती ४ मात्र अडली, कारण तिने पत्त्यासाठी फक्त ३२ बिटे राखली. दोनाचा ३२ वा घात म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आहे. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आवृत्ती ६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असतो. तिचा पहिला मसुदा १९९५ चा. म्हणजे औषध तयार असूनही रोग्याने ते घ्यायला दशके लावली. असे का झाले?

वसई-विरारकरांना याचे उत्तर रुळांवर सापडेल. चर्चगेट ते विरार लोकल १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर धावत असे, तर विरारच्या उत्तरेला २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज होती. तेवढीच शक्ती पुरवायला कमी दाबाच्या तारेतून सुमारे सतरापट प्रवाह न्यावा लागतो. त्यामुळे तारेतला अपव्ययही वाढतो. गर्दी वाढली, गाड्या लांबल्या, तेव्हा जुनी पद्धत अपुरी पडली. म्हणून दोन्ही विजेवर चालणाऱ्या लोकल आणल्या गेल्या, टप्प्याटप्प्याने तारेतला दाब बदलला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंतचे काम पुरे झाले.

इंटरनेटवरही दोन्ही आवृत्त्या एकत्र चालवण्याची सोय आहे. पण केवळ आवृत्ती ६ जाणणारा संगणक केवळ आवृत्ती ४ जाणणाऱ्याशी थेट बोलू शकत नाही, मध्ये दुभाषा लागतो. शिवाय रेल्वेला एक मालक आहे, इंटरनेटला नाही. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने एकाच दिवशी प्रोटोकॉल बदलला, कारण तेव्हा जाळ्यावर काही शेच संगणक होते. आज प्रत्येक जण शेजाऱ्याने आधी बदलावे म्हणून थांबतो.

आपल्या दूरसंचार विभागाने २०१० मध्ये आराखडा काढला, २०१३ मध्ये दुसरा, आणि २०२१ मध्ये पुन्हा नव्या मुदती दिल्या. मुदती वारंवार पुढे जातात, तेव्हा दोष तंत्रज्ञानाचा नसतो. उलट २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्याने आरंभापासून आवृत्ती ६ वापरली, आणि भारत या बाबतीत जगातल्या आघाडीच्या देशांत गेला. नवे बांधताना बदल स्वस्त पडतो, हा यातला धडा.

थांबण्याची किंमत दिसत नाही, एवढेच. पत्ते अपुरे म्हणून कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यांतल्या एकाने गैरप्रकार केला तर एखादे संकेतस्थळ तो पत्ताच अडवते, आणि निरपराध शाळेचेही दार बंद होते. घरच्या संगणकावर स्वतःचे संकेतस्थळ चालवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत बाहेरून थेट कोणी पोचू शकत नाही. तो फक्त ग्राहक उरतो.

तेव्हा सरसकट बदला असे मी म्हणणार नाही. जुना नियम अपुरा किंवा असुरक्षित ठरला का, एवढेच तपासावे. पासवर्ड उघडा पाठवणारा टेलनेट त्या कसोटीवर गेला, टीसीपी टिकला. आवृत्ती ४ नापास झाली आहे, आणि तिला निरोप द्यायला हवा. शाळेसाठी नवी जोडणी घेताना किंवा राउटर विकत घेताना शिक्षकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: यात आवृत्ती ६ चालू आहे का? आणि ‘प्रत्येक संगणकाला स्वतंत्र पत्ता असतो’ हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी, ते आपल्याच शाळेत खरे आहे का, हे विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावे.