संशयाचा फायदा

जुनी गाजलेली रहस्यमालिका नव्याने काढायची म्हटली की निर्मात्यांपुढे एक सोपा रस्ता असतो. नायकाला दारू पाजावी, रस्त्यांवर अंधार करावा, प्रेत जरा जवळून दाखवावे. झाली मालिका आधुनिक! एचबीओ वाहिनीने २०२० साली काढलेला 'पेरी मेसन'चा नवा अवतार प्रथमदर्शनी याच वाटेने गेलेला दिसतो. परंतु तेवढाच शेरा मारून थांबणे अन्यायाचे होईल. कारण जुन्या मालिकेने टाळलेला एक प्रश्न तिने विचारला आहे. आरोपीच्या बाजूने उभे राहायचे ते तो निर्दोष आहे म्हणून, की तो आरोपी आहे म्हणून?

प्रथम जुन्या मेसनविषयी. अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनी १९३३ साली पहिल्या कादंबरीतून हा वकील वाचकांपुढे आणला. सीबीएस वाहिनीवर १९५७ ते १९६६ या काळात त्याच्या मालिकेचे २७१ भाग झाले आणि रेमंड बर या नटाचा धिप्पाड देह म्हणजेच मेसन, असे समीकरण बनले. साचा ठरलेला होता. निरपराध माणसावर खुनाचा आळ येतो, पॉल ड्रेक हा खासगी गुप्तहेर धागेदोरे शोधतो, डेला स्ट्रीट कचेरी सांभाळते. शेवटी मेसनच्या उलटतपासणीपुढे खरा खुनी भर न्यायालयात कोसळतो आणि कबुली देतो.

या साच्याला हसणे सोपे आहे, पण त्याने घडवलेला संस्कार लहान नव्हता. पोलिसांनी पकडलेला माणूस गुन्हेगार नसू शकतो, ही गोष्ट आठवड्यामागून आठवडे कोट्यवधी घरांत सांगितली जात होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी आपल्या बालपणावर या मालिकेचा प्रभाव पडल्याचे जाहीरपणे सांगितले आहे.

तरीही त्या साच्यात एक खोट होती. मेसनचा अशील निर्दोष असतोच, हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असते. म्हणजे चांगला वकील मिळणे हा आरोपीचा हक्क न राहता निर्दोषपणाचे बक्षीस ठरते. शिवाय खरा गुन्हेगार कबुली देणारच, म्हणून निर्णयाचे ओझे न्यायाधीशावरही पडत नाही आणि प्रेक्षकावरही पडत नाही. १९७३ साली नवा नट घेऊन मालिका पुन्हा काढली गेली, तेव्हा ती एका हंगामातच बंद पडली. त्या वेळी चेहरा बदलला होता, विचार जुनाच होता. १९८५ पासून बर स्वतः चित्रपटमालिकेतून परतले आणि १९९३ मधील मृत्यूपर्यंत ती भूमिका करीत राहिले.

एचबीओच्या मालिकेने कथा लॉस एंजेलिसमध्ये, १९३०च्या दशकातील मंदीच्या काळात नेली. मॅथ्यू ऱ्हीसचा मेसन आरंभी वकील नाहीच. पहिल्या महायुद्धातून परतलेला, मोडलेला खासगी गुप्तहेर आहे. एका तान्ह्या मुलाचे अपहरण आणि मृत्यू, आणि त्यात आरोपी म्हणून उभी केलेली त्याची आई, असा हा खटला. तिच्या विवाहबाह्य संबंधाचा बोभाटा पुराव्याच्या आधी पुढे येतो. बाई चारित्र्यहीन ठरली की खुनी ठरवायला कितीसा वेळ लागतो? पॉल ड्रेक येथे कृष्णवर्णीय पोलीस शिपाई आहे. रक्ताचा माग त्याने पाहिलेला असतो, पण वरिष्ठांच्या दबावामुळे त्याला अहवाल बदलावा लागतो. जुन्या मालिकेतला ड्रेक माहिती आणून देत असे. ती माहिती आणणाऱ्याला काय मोजावे लागते, हे नवा ड्रेक दाखवतो.

शेवटच्या भागात मेसन भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्याला पिंजऱ्यात उभे करून कबुलीपर्यंत खेचतो. प्रेक्षक सुखावतो आणि लगेच कळते, हा केवळ सराव होता. साक्षीच्या पिंजऱ्यात कोणी कबुली देत नसते, असे हॅमिल्टन बर्गर त्याला बजावतो. नव्या मालिकेचे सार या प्रसंगात आहे. कबुलीची ही ओढ पडद्यापुरती नाही. आपल्याकडे पोलिसांपुढील कबुली सर्वसाधारण कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा मानली जात नाही. पण १९९९च्या मोक्का कायद्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. कबुली कोणी, कोठे आणि कशी मिळवली, हा प्रश्न जुना मेसन पाहताना मनात येत नसे. नवा मेसन पाहिल्यावर तो टाळता येत नाही.

२०२३च्या दुसऱ्या हंगामात मालिका आणखी पुढे जाते. धनिकाच्या मुलाच्या खुनात झोपडवस्तीतले दोन मेक्सिकन भाऊ पकडले जातात. मेसन लढायला उभा राहतो आणि मग कळते की हत्या त्यांनीच केली आहे, दुसऱ्याच्या पैशावर. येथे जुन्या मालिकेचा पाया निखळतो. तरी मेसन वकीलपत्र सोडत नाही. अनेकांना हा गार्डनर यांच्याशी केलेला द्रोह वाटेल. वास्तविक कॅलिफोर्नियात वकिली करताना गार्डनर स्वतः गरीब चिनी आणि मेक्सिकन लोकांचे खटले लढत. चुकीने शिक्षा झालेल्यांच्या फेरतपासासाठी त्यांनी 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' हा उपक्रमही चालवला होता. जुन्या मालिकेच्या चकचकीत कचेरीतून गायब झालेले हे अशील नव्या मालिकेने परत आणले.

दोष आहेतच. मेसनचे दुःख इतके ताणले आहे की कधी कधी खटलाच मागे पडतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्याची वकिलीची सनद लबाडीने मिळालेली आहे, आणि पहिल्या खटल्यात ज्यूरीतील एका सदस्याला त्याच्या साथीदाराने लाच दिलेली असते. त्या ज्यूरीतले आणखी दोघे कोणाचे पैसे न घेता आरोपीच्या बाजूने उभे राहिले, ही बातमी मालिका ओझरती सांगून मोकळी होते. मला वाटते, खरी कथा त्या दोघांची होती. समोरच्या बाईविषयी शहर काय बोलते ते बाजूला ठेवून त्यांनी फक्त पुरावा पाहिला.

सोळा भागांनंतर, २०२३ मध्येच, वाहिनीने मालिका थांबवली. निर्दोष माणसाला वाचवणारा वकील जुन्या मालिकेने दिला होता आणि त्याचे ऋण मानले पाहिजे. पण पकडल्या गेलेल्या माणसाविषयी आपल्याला खात्री नसते तेव्हाच कायद्याची परीक्षा असते. त्या वेळी त्याच्या शेजारी उभा राहणारा वकील नव्या मालिकेने दाखवला.