जुनी गाणी कोणाची?

'जुनी गाणी' हा शब्दप्रयोग वरवर पाहता अगदी निरुपद्रवी वाटतो. नभोवाणीवरचा निवेदक म्हणतो, आता ऐकू या काही जुनी, अवीट गोडीची गाणी. आणि ऐकणारा सुखाने डोळे मिटतो. परंतु कोणते गाणे जुने झाले म्हणजे अवीट ठरते आणि कोणते जुने झाले म्हणजे नुसतेच विसरले जाते, हे ठरविणारा कोणीतरी असतो. काळ निवड करतो असे म्हणणे ही पळवाट आहे. काळाला हात नसतात. निवड करतात ती माणसे, समित्या, श्रेणी देणारे परीक्षक आणि ध्वनिमुद्रिकांची कपाटे सांभाळणारे अधिकारी. म्हणून जुन्या गाण्यांचा प्रश्न अभिरुचीचा म्हणून मांडला जात असला तरी तो मुळात सत्तेचा प्रश्न आहे.

गोंदियात हा प्रश्न अधिकच उघडा पडतो. 1 मे 1999 पर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता आणि 1956 पूर्वी मध्यप्रदेशात. पुण्यामुंबईच्या 'मराठी मना'पासून तो रेल्वेने जेवढा दूर, त्याहून गाण्याने अधिक दूर. नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 च्या जुलैत सुरू झाले. पूर्वेला रायपूर, उत्तरेला बालाघाट. इथल्या कानावर मराठी, हिंदी, छत्तीसगढी, पोवारी, गोंडी आणि झाडीबोली अशा सगळ्या भाषा पडतात. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायांची गाणी, दिवाळीनंतरच्या मंडईतली दंडार आणि खडीगंमत, कचारगडच्या यात्रेतली गोंडी गाणी, आणि विहारासमोर हार्मोनियम-ढोलकीवर रात्रभर चालणारा भीमगीतांचा सामना, हे या जिल्ह्याचे खरे 'जुने संगीत' आहे. नभोवाणीवर मात्र 'जुने' म्हणजे हिंदी चित्रपटाचा एक ठराविक कालखंड आणि मराठी भावगीतांचा एक ठराविक संच. भात शिजवून खाणाऱ्याला त्याच्याच ताटात भात दिसू नये, असा हा प्रकार आहे.

आता हा संच बनला कसा, ते पाहू. आज ज्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांना अभिजात मानून विविध भारती रोज सकाळी सन्मानाने वाजविते, ती गाणी एकेकाळी आकाशवाणीच्या दृष्टीने अस्पृश्यच होती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांनी चित्रपटसंगीताला उथळ ठरवून त्याचा वेळ छाटला. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी सुई फिरविली आणि रेडिओ सिलोन लावले. 1952 साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने देश वेडा केला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला माघार घ्यावी लागली. पुढे 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूर येथून जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले आणि कालचे उथळ गाणे आज सरकारी तिजोरीत पैसा आणू लागले. ज्याला हाकलले तेच गाणे आता वारसा म्हणून मिरविते.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, अभिजातपणा गाण्याच्या पोटात जन्मत नाही. तो बहाल केला जातो आणि भांडून मिळविताही येतो. दुसरी, ज्याच्यामागे बाजार उभा असतो त्याच्यासाठी दार लवकर उघडते. भीमगीताला श्रोते लाखांनी होते, आजही आहेत. पण बिडी वळणाऱ्या, राईस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या, दुसऱ्याच्या बांधीत राबणाऱ्या श्रोत्याला जाहिरातदार गिऱ्हाईक समजत नव्हता. श्रोता गरीब, म्हणून त्याचे गाणेही गरीब ठरले.

वाद्याचीही कथा अशीच आहे. आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीस वर्षे हार्मोनियमला बंदी घातली होती. या पेटीच्या ठोक स्वरांतून भारतीय संगीताची मींड आणि श्रुती उमटत नाही, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. संगीतशास्त्राच्या अंगाने त्या युक्तिवादात तथ्य असेलही. बंदी घालणाऱ्यांच्या मनात जात होती, असा आरोप करण्याचे कारण नाही. परंतु परिणाम कोणावर झाला? सारंगी बाळगणे, ती जुळविणे, तिच्यासाठी उस्ताद ठेवणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांचे वाद्य म्हणजे पेटी. आंबेडकरी जलसा उभा राहिला तो पेटी, ढोलकी, डफ आणि तुणतुण्यावर. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून पुढच्या कव्वाल-गायकांपर्यंत साऱ्यांच्या बोटांखाली हेच वाद्य होते. म्हणजे जलशाच्या भरभराटीच्या नेमक्या काळात त्याचे मुख्य वाद्यच राष्ट्राच्या नभोवाणीवर वर्ज्य होते. अशा वेळी 'त्या काळातली तुमची ध्वनिमुद्रणे आमच्याकडे फारशी नाहीत' असे कोणी आज म्हणत असेल, तर त्याला सांगितले पाहिजे की बाबा, ती आपोआप नाहीशी झालेली नाहीत.

नभोवाणी मनावर घेते तेव्हा ती काय करू शकते, याचा दाखला 'गीतरामायण' आहे. 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्राने 1955-56 मध्ये ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्याकडून छप्पन्न गीते करून घेऊन वर्षभर दर आठवड्याला ती घराघरांत पोहोचविली. कवीची आणि संगीतकाराची योग्यता कोणी नाकारीत नाही. पण एका काव्याला एका सार्वजनिक संस्थेने वर्षभर वेळ, वादक, गायक आणि पुनःप्रसारण दिले, तेव्हा ते 'मराठी माणसाचे' झाले. त्याच 1956 च्या 14 ऑक्टोबरला नागपुरात लक्षावधी माणसांनी धम्म स्वीकारला. त्या माणसांनी स्वतःसाठी नवी गाणी रचली, नव्या चाली बांधल्या. त्या निर्मितीला असे वर्ष कधी मिळाले का? बाबासाहेबांचा स्वतःचा आवाज 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरून ऐकला गेला. आपल्या तत्त्वज्ञानाचे मूळ धर्मात आहे, राज्यशास्त्रात नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी तेथे सांगितले. त्या विचाराचे गाणे मात्र दाराबाहेर उभे राहिले.

दाराबाहेर म्हणताना थोडे नेमके बोलले पाहिजे, कारण माणूस आत गेला आणि त्याचे अर्धे गाणे बाहेर राहिले असेही घडले आहे. प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण घ्या. 2004 साली हा गायक गेला. आषाढी एकादशी आली की त्यांच्या आवाजातील विठ्ठलगीतांशिवाय महाराष्ट्राचा दिवस उजाडत नाही. याच गळ्याने भीमगीतेही तेवढ्याच जोमाने गायिली. त्याच फुफ्फुसातला तोच श्वास. परंतु विठ्ठलाचे गाणे 'भक्तिसंगीत' म्हणून वर्षभराच्या यादीत बसते आणि भीमाचे गाणे 14 एप्रिल, 14 ऑक्टोबर आणि 6 डिसेंबर या तीन दिवसांचे पाहुणे होते. शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत, भक्तिसंगीत, चित्रपटसंगीत हे खण आधीच करून ठेवलेले. भीमगीत यांपैकी कोठे ठेवायचे? ते लोकसंगीत म्हणावे तर त्याला कर्त्याचे नाव आहे. भक्तिसंगीत म्हणावे तर ते देव मानीत नाही. सुगम म्हणावे तर ऐकणाऱ्याला ते सुगम वाटत नाही. खण चुकीचे आहेत असे कोणी म्हणत नाही. गाणेच अडचणीचे ठरते.

आणि जेथे गाणे स्वीकारले जाते तेथे नाव गळते. लावणीचा इतिहास पठ्ठे बापूरावांच्या, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णींच्या नावाने सांगितला जातो आणि ते योग्यही आहे. पण ज्या पवळेच्या आवाजाने आणि पायाने ती लावणी बोर्डावर उभी राहिली, ती महाराची मुलगी बहुधा त्यांच्या चरित्रातला एक रंगतदार प्रसंग म्हणून येते, कलावंत म्हणून नव्हे. आमच्या बाईचा गळा वारशात जमा होतो. बाई होत नाही.

येथवर प्रस्थापितांचा हिशेब झाला. आता आपला मांडू, कारण निवड मागायची तर निवडीची जबाबदारीही घ्यावी लागेल. आपल्याकडचे सारेच जुने गाणे नभोवाणीवर जावे काय? मला तसे वाटत नाही. 1956 नंतर आपण पुष्कळ जुनी गाणी समजून-उमजून टाकली. त्याआधी आंबेडकरी जलशाने तमाशाच्या गणातला गणपती काढला आणि गवळण वगळली. कारण त्या रचनेत आपला माणूस नाचा होता आणि आपली बाई खेळणे होती. हा त्याग म्हणजे सांस्कृतिक दारिद्र्य नव्हे, तो विवेक होता. दंडारीतले सारे काही केवळ झाडीपट्टीचे म्हणून डोक्यावर घेण्याचा मोह इथल्या तरुण अभ्यासकांना होतो आहे. त्यांनी त्या गाण्यातली जातीवरची थट्टा आणि बाईवरची थट्टा एकदा नीट ऐकावी. जुने ते सोने हे सोनाराचे मत झाले. आपण ते कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

भीमगीतांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. चित्रपटाची चाल घेतली म्हणून गाणे हलके होत नाही. ज्या काळी चाल शिकवायला गुरू नव्हता त्या काळी लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल उचलणे ही प्रचाराची शहाणी रीत होती. जलसाकारांनी तीच वापरली. पण चाल उसनी आणि विचारही उसना, असे झाले की उरतो तो गोंगाट. बाबासाहेबांना सूर्य, चंद्र, देव करून मोकळे होणारी आणि डीजेच्या भिंतीसमोर फक्त अंगविक्षेप मागणारी गाणी कितीही वाजली तरी ती चळवळीची होत नाहीत. बाबासाहेबांनी माणूस घडविण्याचे काम केले. त्यांचा देव करणे म्हणजे त्यांच्या कामातून स्वतःची सुटका करून घेणे होय.

वामनदादा कर्डक (1922-2004) येथेच मोठे ठरतात. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचा हा माणूस खेडोपाडी फिरला आणि हजारो गाणी लिहून गेला. त्यांच्या गाण्यात गौरव आहे, पण गौरवापाशी ते थांबत नाहीत. भांडवलदारांची नावे घेऊन आपला वाटा कोठे आहे असे ते भर सभेत विचारतात. बाबासाहेबांनंतर झालेल्या फाटाफुटीवर आपल्याच पुढाऱ्यांना सुनावतात. जयंतीच्या दिवशी नभोवाणीवर वामनदादांचे गौरवगीत लागते, वाटा मागणारे गाणे लागत नाही. विठ्ठल उमपांच्या वाट्यालाही 'लोककलावंत' हे गोंडस बिरुद आले. 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर गाता गाता हा शाहीर गेला, ही गोष्ट त्यांच्या गाण्याचा पत्ता कोणता होता ते सांगते. अण्णाभाऊ साठे आणि अमरशेख यांची गाणी संयुक्त महाराष्ट्राच्या स्मरणासाठी वाजतात. त्यातला कामगार मात्र हळूच पुसला जातो. निवडीचा हा दुसरा डाव पहिल्याहून अधिक धूर्त आहे. पहिल्या डावात माणूस वगळला जातो, दुसऱ्यात माणूस घेऊन त्याचा प्रश्न वगळला जातो.

तेव्हा माझ्या मते कसोट्या तीन असाव्यात. गाण्याने ऐकणाऱ्याला माणूस म्हणून ताठ उभे केले का? त्या गाण्यात त्याच्या जगण्याचा, म्हणजे कामाचा, भुकेचा, शाळेचा, जमिनीचा खरा तपशील आहे का? आणि ते पुन्हा गावे असे लोकांना कोणी न सांगता वाटले का? या कसोट्यांवर वामनदादा टिकतात, श्रावण यशवंते टिकतात, आपल्या विदर्भातले नागोराव पाटणकर टिकतात. जात्यावरच्या ओव्याही टिकतात. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रयत्नाने लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत भीमाला भाऊ, बाप म्हणून दारात बोलावणाऱ्या ओव्या आहेत. त्या बायांनी कोणत्याही केंद्रावर आवाजाची चाचणी दिली नव्हती. चित्रपटातली उत्तम गाणीही या कसोटीवर टिकतील. ती आपली शत्रू नाहीत. आपला आक्षेप त्यांच्या असण्यावर नसून इतरांच्या नसण्यावर आहे.

हे मागणे म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. 1990 च्या प्रसार भारती कायद्याने तर सामाजिक न्यायाला चालना देणे आणि शोषण, विषमता व अस्पृश्यता यांच्याशी लढणे हे प्रसारणाचे कर्तव्यच ठरविले. पाणवठा सार्वजनिक असल्याचे कागदावर आधीच लिहिलेले होते, तरी महाडला 1927 साली ओंजळ भरावी लागली. ध्वनिलहरींचेही तसेच आहे.

म्हणून गोंदिया, तिरोडा, आमगाव, सालेकसा, अर्जुनी येथील कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. पहिले, नागपूर केंद्राकडे लेखी मागणी करावी: भीमगीत, रोवणीची गाणी, गोंडी गाणी यांना जयंती-पुण्यतिथीच्या बाहेर, जुन्या गाण्यांच्या नेहमीच्या वेळेत जागा द्या, आणि वाजविताना कवी, गायक, वादक यांची नावे सांगा. दुसरे काम अधिक निकडीचे आहे. घरोघरी पेट्यांत पडलेल्या कॅसेटी बुरशीने चालल्या आहेत. 1954 साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशी ओलांडून गेले आहे. त्या पिढीच्या ओठांवर अजून गाणी आहेत. मोबाइल आता प्रत्येकाच्या खिशात आहे; ते गाणे त्यात घ्या आणि सोबत वहीत लिहा: गाणे कोणी रचले, चाल कोठली, कोणत्या साली, कोणत्या वस्तीत गायिले. तारीख आणि नाव नसलेले गाणे 'पारंपरिक' म्हणून दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, हा आपला जुना अनुभव आहे.

जोतीरावांनी 1885 साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारले, कारण त्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नव्हती. पण ते नकार देऊन थांबले नाहीत; त्यांचे अखंड आणि त्यांचे ग्रंथ त्यांच्याजवळ होते. आपल्याजवळही आपली यादी असली पाहिजे. यादी हातात नसलेल्याने यादीवर भांडू नये.