सारथ्याचा आनंद आणि चालकविरहित मोटार : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मोटार माणसाने स्वतः चालवावी की यंत्राच्या स्वाधीन करावी, हा प्रश्न आता केवळ विज्ञानकथेचा राहिलेला नाही. अमेरिकेतील फिनिक्स परिसरात २०२० साली 'वेमो' या कंपनीने चालकाच्या आसनावर कोणीही नसलेल्या मोटारी सर्वसामान्य प्रवाशांसाठी खुल्या केल्या. भारतात मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली आणि पुन्हा २०२३ साली नागपूर येथे, अशा मोटारींना देशात येऊ देणार नाही, अशी भूमिका जाहीरपणे मांडली. लक्षावधी चालकांचा रोजगार जाईल, हे त्यामागील कारण होते. याच सुमारास अमेरिकी विचारवंत मॅथ्यू क्रॉफर्ड यांचा 'व्हाय वुई ड्राइव्ह' (२०२०) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात चालकविरहित मोटारीला विरोध आहे; मात्र तो रोजगाराच्या नव्हे, तर स्वतः वाहन चालवण्यातील आनंदाच्या आणि स्वातंत्र्याच्या भूमिकेवरून केलेला आहे.

प्रस्तुत लेखात या दोन भूमिकांची ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील वाहनव्यवहाराच्या आधारे चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. या परिसराची निवड योगायोगाने झालेली नाही. देशातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि १८५४ साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. यंत्राने चालणाऱ्या वाहनाशी या भूमीचा परिचय पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्यामुळे येथील रस्ता व लोहमार्ग यांच्या निकषावर या विचारांची पारख करणे उपयुक्त ठरेल.

१. रथी आणि सारथी

स्वतः वाहन चालवण्यात आनंद मानणे ही गोष्ट आज स्वाभाविक वाटत असली, तरी भारतीय परंपरेत ती तशी नव्हती. परंपरेने रथी आणि सारथी या दोन भूमिका वेगळ्या मानल्या. रथात बसून लढणारा तो वीर आणि घोड्यांचे लगाम धरणारा तो सूत, अशी ही विभागणी होती. कर्णाला आयुष्यभर ऐकावे लागलेले 'सूतपुत्र' हे संबोधन सारथ्याच्या सामाजिक स्थानाचेच निदर्शक आहे. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीने मराठी वाचकाच्या मनात हे शल्य कायमचे रुजवले. मद्रराज शल्याला कर्णाचे सारथ्य करणे अपमानास्पद वाटले, तेही याच कारणाने.

तथापि त्याच परंपरेत सारथ्याचा दुसरा अर्थही आहे. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात आत्मा हा रथी, तर बुद्धी ही सारथी मानली आहे. कर्णाने सोडलेला सर्पबाण येताना पाहून श्रीकृष्णाने रथ जमिनीत दाबला व बाण अर्जुनाच्या मुकुटावर गेला, अशी महाभारतातील कथा आहे. तशी आज्ञा अर्जुनाने दिलेली नव्हती. क्षणाची निकड ओळखून, सांगितले नसतानाही योग्य ते करणे, हा सारथ्याचा खरा गुण या कथेत दिसतो. म्हणजे सारथ्य हे एकाच वेळी हलके मानलेले श्रम आणि श्रेष्ठ मानलेला विवेक आहे. चालकविरहित मोटारीचा विचार करताना यांतील कोणती बाजू यंत्राकडे जाते, हा कळीचा प्रश्न ठरतो.

२. क्रॉफर्ड यांची भूमिका : बळ आणि मर्यादा

क्रॉफर्ड हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक असून मोटारसायकल दुरुस्तीचा प्रत्यक्ष अनुभव असलेले लेखक आहेत. त्यामुळे त्यांच्या विवेचनात यंत्राचा द्वेष नाही. हाताने वापरायचे यंत्र माणसाची क्षमता वाढवते, तर माणसाला केवळ प्रवासी बनवणारे यंत्र ती क्षमता क्षीण करते, हा भेद त्यांच्या विवेचनाच्या मुळाशी आहे. रस्त्यावरील परस्पर समजुतीला ते नागरिकत्वाच्या शिक्षणाचे मूल्य देतात. प्रत्येक निर्णय वरून नियंत्रित झाला, तर माणसाची स्वयंशासनाची सवयच नष्ट होईल, अशी त्यांची भीती आहे. ती निराधार नाही.

मात्र त्यांचा चालक हा बहुतांशी वाहनाचा मालकही आहे. तो हौसेने गाडी दुरुस्त करतो, शर्यतीत उतरतो, मोकळ्या रस्त्याची ओढ बाळगतो. ग्रंथाच्या उपशीर्षकातच 'मोकळ्या रस्त्याचे तत्त्वज्ञान' अभिप्रेत आहे. ठाणे-कल्याण परिसरात ही दोन्ही गृहीतके डळमळीत होतात. येथील रस्ता मोकळा नाही आणि वाहन चालवणारा पुष्कळदा वाहनाचा मालक नाही.

३. गर्दीच्या रस्त्यावरील कौशल्य

घोडबंदर रस्ता, माजिवडा, तीन हात नाका, कल्याण-शीळ रस्ता या ठिकाणांची नावे उच्चारली, तरी स्थानिक वाचकाच्या डोळ्यांसमोर वेग न येता खोळंबा येतो. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ साली पाडण्यात आला आणि नवा पूल २०२१ साली खुला झाला. मधल्या काळात या शहरातील चालकांनी जे सहन केले, त्याला आनंद हा शब्द लावणे धाडसाचे ठरेल.

असे असले, तरी या रस्त्यावरही कौशल्य आहे. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेला खड्डा पुढच्या रिक्षाच्या हेलकाव्यावरून ओळखणे, थांब्यावरून निघालेली एस.टी. आता वळणार हे तिच्या पुढच्या चाकावरून ताडणे, पदपथाच्या कडेला उभी असलेली वृद्ध व्यक्ती रस्ता ओलांडणार आहे की रिक्षाची वाट पाहत आहे, हे तिच्या नजरेवरून समजणे, ही सारी कौशल्ये कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाहीत. मायकेल पोलानी यांनी 'द टॅसिट डायमेन्शन' (१९६६) या ग्रंथात ज्या अव्यक्त ज्ञानाची मांडणी केली, त्याचे हे ठळक उदाहरण होय. माणसाला जेवढे सांगता येते, त्याहून अधिक ठाऊक असते, हे त्या मांडणीचे सार आहे.

यंत्राची अडचणही येथेच सुरू होते. २०२१ नंतर भारतीय बाजारात आलेल्या काही मोटारींत चालकाला साहाय्य करणाऱ्या प्रणाली आहेत. 'महिंद्रा एक्सयूव्ही ७००' हे त्याचे परिचित उदाहरण. मार्गिकेच्या मध्यात गाडी ठेवणे, पुढील वाहनापासून अंतर राखणे, धोका दिसताच ब्रेक लावणे ही कामे या प्रणाली करतात. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या प्रचलित श्रेणींत त्यांचे स्थान दुसरे आहे; म्हणजे जबाबदारी चालकाचीच राहते. परंतु मार्गिकेची रेषाच पुसली गेली असेल किंवा एका मार्गिकेत दोन रिक्षा व एक दुचाकी शेजारी शेजारी धावत असतील, तर या साहाय्याचा आधार लुळा पडतो. नियमांवर आधारलेले यंत्र आणि समजुतीवर चालणारा रस्ता यांतील हे अंतर आहे.

४. मालक आणि चालक

मोटारीचा विचार या परिसराला उपरा नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा मुख्य कारखाना कुर्ल्याला होता. परंतु १९९० च्या दशकात तिने फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या सहकार्याने 'प्यूजो ३०९' ही मोटार कल्याणजवळच्या कारखान्यात तयार केली. हा उपक्रम फार काळ टिकला नाही. प्रीमियरचीच 'पद्मिनी' मात्र मुंबईची टॅक्सी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धावली आणि ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. तेव्हा वृत्तपत्रांतून उमटलेला हळवा सूर बहुतांशी प्रवाशांचा होता. स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर दिवसभर ओढून ज्यांचे खांदे भरून आले, त्या चालकांचा सूर त्यात क्वचितच ऐकू आला.

या प्रसंगातून एक महत्त्वाचे सूत्र हाती लागते. वेतनावर चालक ठेवू शकणाऱ्या वर्गाला 'चालकविरहित' मोटारीचे सुख पूर्वीपासून उपलब्ध आहे. मागच्या आसनावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या मालकाच्या दृष्टीने पुढे बसलेला माणूस आणि संगणक यांत अनुभवाचा मोठा फरक नाही. म्हणून यंत्र आल्यास मालकाचा आनंद हिरावला जाईल, ही चिंता येथे दुय्यम ठरते. हिरावले जाईल ते चालकाचे काम आणि त्याबरोबर त्याचे ज्ञान.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. चालवण्याचा निर्भेळ आनंद येथे ज्यांना मिळतो, त्यांत घराण्यात प्रथमच परवाना मिळवणाऱ्या व्यक्ती आणि विशेषतः स्त्रिया यांचा समावेश करावा लागेल. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेचे अनुकरण पुढे अनेक शहरांत झाले. अशा यात्रांत नऊवारी नेसून दुचाकी चालवणाऱ्या स्त्रिया दिसतात. त्या मिरवणुकीला वेग नसतो, मोकळा रस्ताही नसतो. तरीही तेथे आनंद आहे. कारण तो कोणाच्या तरी मागे बसण्याच्या स्थितीतून बाहेर पडल्याचा आनंद आहे. क्रॉफर्ड यांच्या मोकळ्या रस्त्यापेक्षा हा अनुभव भिन्न आणि अधिक अर्थपूर्ण वाटतो.

५. रुळांवरील सारथ्य

येथे एक आक्षेप संभवतो. दिशा ठरवण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर सारथ्यात काय उरते? या प्रश्नाचे उत्तर कल्याणच्या लोहमार्गावर मिळते. आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरेखा यादव यांचे प्रशिक्षण कल्याण येथे झाले. १९८९ साली त्या साहाय्यक चालक झाल्या, २०११ साली त्यांनी पुण्याहून 'डेक्कन क्वीन' घाट उतरवून मुंबईला आणली, २०२३ साली 'वंदे भारत' चालवली आणि २०२५ साली त्या सेवानिवृत्त झाल्या.

रेल्वेचालकाला स्टिअरिंग नसते. मार्ग रुळांनी, गती नियमांनी व थांबणे सिग्नलने ठरलेले असते. तरीही घाटात शेकडो टनांची गाडी उतरवताना ब्रेक केव्हा व किती लावायचा, रुळांवर दिसलेली आकृती माणूस आहे की सावली, हे निर्णय चालकालाच घ्यावे लागतात. यावरून असे म्हणता येईल, की सारथ्याचे मूल्य दिशेच्या स्वातंत्र्यात नसून जबाबदारीने घेतलेल्या निर्णयात आहे. मुंबईत २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रो मार्गिका २अ व ७ वरील गाड्या चालकाविना धावू शकतील अशा रचनेच्या असूनही प्रारंभी त्यांत चालक ठेवण्यात आला, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

६. हात चालकाचे, निर्णय यंत्राचा

या पार्श्वभूमीवर गडकरी यांच्या भूमिकेचा विचार करता येतो. चालकांच्या उपजीविकेची त्यांनी घेतलेली दखल स्वागतार्ह आहे. परंतु त्या युक्तिवादात चालक हा रोजगाराच्या आकड्यातील एक घटक राहतो; ज्ञान असलेली व्यक्ती म्हणून त्याची गणना होत नाही. त्यामुळे त्याचे आसन सुरक्षित राहिले, की प्रश्न मिटला, असा समज होतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. मोबाइलवरील टॅक्सीसेवा २०१० नंतर या परिसरात रूढ झाल्या. कोणता प्रवासी घ्यायचा, कोणत्या रस्त्याने जायचे, भाडे किती आकारायचे हे त्यात प्रामुख्याने प्रणाली ठरवते. कापूरबावडीचा खोळंबा टाळण्याची वाट अनुभवाने ठाऊक असलेल्या चालकालाही पडद्यावरील निळी रेषा पाळावी लागते. कारण रेषा सोडल्यास प्रवासी शंका घेतो व गुण कमी होतात. गाडी चालकाच्या हातात असते, पण विवेक अन्यत्र गेलेला असतो. परंपरेच्या भाषेत सांगायचे, तर सूताचे श्रम राहिले आणि सारथ्याची बुद्धी काढून घेतली गेली. स्वयंचलन स्टिअरिंगपर्यंत पोहोचण्याआधीच निर्णयापर्यंत पोहोचले आहे. चालकविरहित मोटारीला बंदी घालून हे स्वयंचलन थांबत नाही.

७. प्रतिपक्षाचा विचार

आनंदाच्या नावाखाली सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करणे मात्र अक्षम्य ठरेल. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांतील बहुसंख्य मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. एकाचा वेगाचा आनंद दुसऱ्याचा प्राण घेतो, तेव्हा त्या आनंदाचे समर्थन करता येत नाही. दृष्टिहीन, वृद्ध वा अपंग व्यक्तींना यंत्राने दिलेली गतिशीलता हे तर स्वातंत्र्यच आहे.

परंतु यंत्रही निर्दोष नाही. २०१८ साली अमेरिकेतील टेम्पी येथे चाचणीतील स्वयंचलित मोटारीच्या धडकेने रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीचा मृत्यू झाला. त्या मोटारीत देखरेखीसाठी माणूस बसलेला होता. निर्णय यंत्राकडे सोपवून जबाबदारी माणसाकडे ठेवली, म्हणजे लक्ष शिथिल होते आणि दोष मात्र शिल्लक राहतो. भारतातील मोटार वाहन अधिनियम १९८८ परवानाधारक व्यक्तीलाच चालक मानतो. २०१९ च्या दुरुस्तीने संशोधनासाठी काही वाहनांना सूट देण्याची तरतूद केली. पण अपघात झाल्यास उत्तर कोणी द्यायचे, हा नैतिक प्रश्न केवळ सवलतीने सुटणारा नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात.

१) 'यंत्राची सुरक्षितता विरुद्ध माणसाचा आनंद' ही वादाची मांडणी अपुरी आहे. सारथ्याचा खरा आनंद वेगात नसून जबाबदारीने घेतलेल्या निर्णयात आहे. तसा आनंद सुरक्षिततेच्या विरोधात जात नाही.

२) क्रॉफर्ड यांची भूमिका विवेकाचे मूल्य ओळखते, परंतु वेतनावर वाहन चालवणाऱ्याला पुरेसे स्थान देत नाही. गडकरी यांची भूमिका त्याची उपजीविका ओळखते, परंतु त्याचे ज्ञान ओळखत नाही.

३) ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात खरे स्थित्यंतर चालकाच्या जाण्याने नव्हे, तर चालक असतानाच त्याचा निर्णयाधिकार जाण्याने घडत आहे. म्हणून गाडी कोण चालवतो, याबरोबरच वाट कोण ठरवतो, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी व अभ्यासकांनी विचारला पाहिजे.

सारथी बदलण्याचा अधिकार समाजाला अवश्य आहे. मात्र ज्याला आपण हलका समजत आलो, त्या सूताजवळ कोणते ज्ञान होते, हे समजून घेतल्यावाचून लगाम काढून घेणे शहाणपणाचे ठरणार नाही.